अडीचशे ग्रॅमच्या आतले भालेराव काका

आमच्या औशात सराफाच्या दुकानात लोक सोनं तोलायला जातात, भालेराव काका ड्रोन तोलायला जातात. सराफालाही आता सवय झाली आहे. काटा स्थिर होईपर्यंत काका श्वास रोखून उभे राहतात, आणि आकडा अडीचशे ग्रॅमच्या आत दिसला की रुमालाने कपाळ पुसतात.

अडीचशेच्या आत असेल तर ते ड्रोन ‘नॅनो’, परवान्याची कटकट नाही. वर गेलं की ‘मायक्रो’, दोन किलोच्या पुढे ‘स्मॉल’, पंचवीसच्या पुढे ‘मीडियम’, दीडशेच्या पुढे ‘लार्ज’. हे मला पाठ आहे, कारण काकांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. काका तहसीलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी वर्गात बसलीच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या हिशेबाने आमच्या कॉलनीतली सगळी मोठी माणसं मीडियम. लार्जमध्ये फक्त कोपऱ्यावरच्या गवळ्याच्या म्हशी.

ड्रोन त्यांना पुतण्याने दिलेलं. तो लातुरात लग्नाचं शूटिंग करतो. नवीन घेतलं तेव्हा जुनं छोटं काकांना दिलं. काका रोज संध्याकाळी गच्चीवरून ते उडवतात. कॉलनीमागच्या उसावरून एक फेरी मारायची आणि खाली. पण त्याआधी मोबाईलवर नकाशा उघडून आपला भाग हिरवाच, म्हणजे उडवायला मोकळाच आहे ना, बघायचं. मग ड्रोन मऊ फडक्याने पुसायचं. “धूळबी वजनात धरली तर?” रस्त्यावर सायरन वाजला की काका पाण्याच्या टाकीमागे बसतात. ती ॲम्ब्युलन्स निघाली तरी लगेच उठत नाहीत.

एकदा पुतण्या माझ्यासमोरच म्हणाला, “काका, नियम बदललेत. अडीचशेच्या वर गेलं तरी शौकाला उडवायला आता परवाना लागत न्हाई. लई सैल झालंय सगळं.”

“सैल झालंय म्हणजे आवळायला जागा झाली,” काका म्हणाले. “नवा कायदा येऊन राहिला म्हणत्यात. त्यात काय निघाल, कुणाला ठावं?”

त्या आठवड्यात त्यांनी ड्रोनवरचं कंपनीचं स्टिकर खरवडून काढलं. तेवढंच वजन कमी.

“काका, एवढी भीती वाटते तर उडवता कशाला?” मी विचारलं होतं.

“डोळ्याला बरं वाटतंय, ताई,” एवढंच म्हणाले, आणि नजर चुकवली.

मग गावात मंत्री येणार असल्याची बातमी आली. हेलिकॉप्टर कॉलेजच्या मैदानावर उतरणार होतं, आणि त्या दिवशी तालुक्यात ड्रोन उडवायला बंदीचा हुकूम निघाला. आदल्या दिवशीच काका आमच्या दारात आले आणि ड्रोनची बॅटरी माझ्या हातावर ठेवली.

“तुमच्याकडं राहू द्या. मी मागितली तरी देऊ नका. माझाच माझ्यावर भरवसा न्हाई.”

मी हसले. बॅटरी साखरेच्या डब्यामागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी तरी दार बडवलं. उघडलं तर काका, अनवाणी, सदऱ्याची बटणं उघडी.

“बॅटरी द्या.”

“काका, आज बंदी—”

“द्या म्हणतो ना! ही घरात न्हाई. मी डोळा लागून पडलो, दार उघडंच राहिलं.”

काकू अलीकडे मला दर भेटीत, तू कुणाची गं, असं विचारायच्या. मी ते वयावर घालवलं होतं. ते किती पुढे गेलं होतं, हे काकांच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

आम्ही गच्चीवर धावलो. काकांना बॅटरी बसवता येईना, ती मीच बसवली. ड्रोन उठलं. मोबाईलच्या पडद्यावर ऊस, मग सोयाबीन, मग बांध. माणूस कुठेच नाही. काका तोंडाने नुसतं “कुठं गेली, कुठं गेली” करत होते. मग उसाच्या कडेची विहीर दिसली. बिनकठड्याची. आणि तिच्या काठावर निळं लुगडं. काकू पाय आत सोडून बसल्या होत्या.

काकांनी रिमोट माझ्या हातात कोंबला. “हालवू नका. कशालाच हात लावू नका. फकस्त बघत राहा.” आणि जिना उतरून गेलेसुद्धा.

मी बघत राहिले. काकू जराशा पुढे वाकल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गच्चीवर एकटीने ओरडले. लांबून हेलिकॉप्टरचा घरघराट येऊ लागला. पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली, बॅटरी संपत आली होती. तेवढ्यात बांधावरून एक ठिपका धावत आला. विहिरीजवळ येताच तो थांबला. मग अगदी सावकाश, फिरायला निघालेल्या माणसासारखा चालत गेला आणि काकूंच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने त्यांचा हात धरला. दोघं मागे सरकली.

मग ड्रोन आपसूक माघारी वळलं आणि गच्चीवर येऊन बसलं. हेलिकॉप्टर गावाच्या पलीकडच्या बाजूने उतरलं. मी खाली बसून रडले.

काकू उन्हाने लाल होऊन परतल्या. “कंधारची गाडी चुकली,” म्हणाल्या. कंधार त्यांचं माहेर.

दुसऱ्या दिवशी काका पोलीस ठाण्यात निघाले, स्वतःला हजर करायला. पिशवीत दोन सदरे, टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या. काकूंपाशी माझ्या सासूबाईंना बसवून मी सोबत गेले. काकांनी उभ्यानेच सगळा गुन्हा सांगितला, ड्रोनच्या वर्गासकट. हवालदारांनी ऐकून घेतलं, बाहेरून चहा मागवला.

“काकू सुखरूप हायत ना?”

“हाव.”

“मग घरी जावा. आन दाराला वरून कडी बसवा.”

काकांचा विश्वास बसेना. “तसं लिहून द्या,” म्हणाले. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

“बघा, काही झालं नाही. उगाच पोलिसांना भीत होता,” मी म्हणाले.

काका रस्त्यातच थांबले. “पोलिसाचं भ्या कशाचं, ताई? मला आत टाकलं आन ही बाहेर निघाली, तर हिला हुडकणार कोण? एवढंच भ्या हाय. म्हणून तर रोज उडवून हात बसवला. पोरं पुण्याला. त्यांना सांगितलं तर हिला कुठं तरी नेऊन ठेवतील.”

घराजवळ आल्यावर ते म्हणाले, “तुम्ही शिकून घ्या. लई अवघड न्हाई.”

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ड्रोन उडवलं. काका माझ्या खांद्यामागे उभे, “दमानं, दमानं” म्हणत. खाली अंगणात काकू खाटेवर बसल्या होत्या. आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं, लाजल्यासारखं हसल्या आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

“तिला वाटतंय, मीच बघून राहिलो,” काका हळूच म्हणाले. “जरा येळ तिथंच ठिवा.”