वाढत्या अंगाचे बूट

गद्रे पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहाचा कप हातात घ्यायच्या आधी त्यांनी माझ्या मुलीला मागून ढकललं.

हो, ढकललं. सहा वर्षांची मिहू खिडकीशी उभी होती. हे गृहस्थ बूट काढून आत आले, 'नमस्कार वहिनी' म्हणाले आणि सरळ तिच्या पाठीला धक्का दिला. पोर धडपडत पुढे गेली. माझ्या हातातला ट्रे कलंडला.

"डावा पाय पुढे," गद्रे समाधानाने म्हणाले. "म्हणजे स्नोबोर्डवरही डावाच पुढे. विचारून कळत नाही हो. धक्का दिला की पाय खरं बोलतो."

माझा नवरा खुशाल हसत होता. गद्रे त्याच्याच ऑफिसातले, आमच्या कितीतरी आधीपासून इथे जपानात, सेंदाईत, आणि एकटे. मुलगी सई पुण्यात तिच्या आईकडे. दर हिवाळ्यात ती येणार असते, आणि ती यायच्या आत शिकवायला हात बसावा म्हणून गद्रे इथल्या सगळ्या मराठी पोरांना स्नोबोर्ड शिकवतात. गणपतीत प्रसादाच्या रांगेत त्यांनी एका पाहुण्या प्राध्यापकांनाही ढकललं होतं म्हणे. त्यांचा उजवा निघाला.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला जुन्या खेळसामानाच्या दुकानात नेलं. बोर्ड मिहूच्या हनुवटीपर्यंत येतो ना, एवढं पाहून बाजूला ठेवला. मग बूट. मी पुण्याची. मूल वाढतंय तर वस्तू वाढत्या अंगाची घ्यावी, दोन हिवाळे निघतात, एवढी अक्कल मला आहे. मी छान ढगळ जोडी उचलली आणि म्हटलं, आत दोन मोजे घालू. गद्र्यांनी भर दुकानात ती माझ्या हातातून हिसकावली.

"वहिनी, फ्रॉक घ्या वाढत्या अंगाचा. बुटात पाय हलला की बोर्ड ऐकत नाही आणि पोरीचा घोटा जातो. एकच मोजा, आणि टाच उचलली जाता कामा नये."

हेल्मेटखाली कानटोपी घालणाऱ्या आयांबद्दल ते पुढे जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या पर्समध्ये तेव्हा कानटोपी होती.

मग खाली बसून त्यांनी मिहूच्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. "कुठे दुखतंय?"

"दाइजोबु," मिहू म्हणाली. म्हणजे ठीक आहे. इथल्या शाळेत जाणारं पोर आधी हेच म्हणतं.

"दाइजोबु म्हणजे दुखतंय," गद्र्यांनी मला सांगितलं आणि दुसरी जोडी मागवली. खरंच दुखत होतं.

डोंगरावर तर मी डोळेच मिटून घेतले. या माणसाने सकाळभर पोरांना नुसतं पाडलं. आधी पडायला शिका, मुठी मिटून पडा, मनगट वाचतं, असं ओरडत एकेकाला बर्फात लोळवलं. माझा जीव टांगणीला आणि मिहू खिदळतेय. हिवाळा संपेपर्यंत ती उतारावरून सुसाट यायला लागली, आणि गद्रे खाली हात पसरून उभे.

यंदा मिहूचा पाय वाढला, म्हणून पुन्हा त्याच दुकानात गेलो. तिचे बूट झाल्यावर गद्र्यांनी वरच्या फळीवरची जांभळी जोडी काढली, उलटीपालटी केली आणि दुकानातल्या मुलीकडे त्याच बुटांचं एक माप मोठं मागितलं.

माझा कानांवर विश्वास बसेना. "वाढत्या अंगाचे? तुम्ही?"

"सईचे आहेत." ते नाडीशी खेळत राहिले. "काल फोन आला. या सुट्टीत जमत नाही म्हणाली, क्लास आहे. पुढच्या वर्षी नक्की. तोवर पाय वाढेलच ना. डावा पुढे पडतो तिचा, ते चालायला लागली तेव्हाच पाहिलंय मी. माप तेवढं माहीत नाही."

फार वाईट वाटलं असेल तुम्हाला, एवढंच मी म्हटलं.

"छे हो, वहिनी," गद्रे हसून म्हणाले. "दाइजोबु."

मिहू नव्या बुटांत ठक ठक करत त्यांच्यासमोर आली. खाली बसली आणि त्यांच्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबून तिने विचारलं, "काका, कुठे दुखतंय?"