निवृत्तीनं पाहिलं का?

गोदाकाठी दहाव्याला गेलं की सगळे लोक कावळ्याकडे बघतात. सुकदेवशेठ लोकांकडे बघतात. पिंड ठेवलेला, मंडळी माना वर करून झाडाकडे डोळे लावून उभी, कावळा काही खाली उतरत नाही, आणि सुकदेवशेठ हळूच गर्दीतून सरकत कुणाच्या तरी मेहुण्याला विचारत असतात, "नंबर सांगा ना भाऊ तुमचा. कावळा शिवस्तोवर उभंच राह्यचंय, नाय का?"

माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला त्यांनी तेवढ्या वेळात व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'काकांचे आप्तेष्ट'. संध्याकाळी त्या ग्रुपवर डबल गादीचा फोटो आला! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी त्यांना धरलं.

"शेठ, जनाची नाही तर मनाची तरी?"

"भाऊ, तुमच्या घरी पाव्हणे उतरलेत. पाव्हणे काय फरशीवर झोपतील?"

आणि कहर म्हणजे चुलतभावानं तेराव्याच्या आत चार गाद्या मागवल्या. मला न विचारता.

दिंडोरी रोडवर सुकदेवशेठचं गाद्यांचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. त्यामुळे त्यांचा सगळा ताप मला फुकटात मिळतो. माणूस एका जागी बसेल तर शपथ. गादी विकणाऱ्यानं इतकं उभं राहावं? दुकानातून रस्त्यावर, रस्त्यावरून माझ्या काउंटरवर, तिथून परत आत, हातात फोन. "भाऊ, नवीन टाकलंय, बघा." "भाऊ, लाईक करा." "भाऊ, नकाशावर आपल्याला पाच तारे द्या ना, काय पैशे पडतात का?" त्यांचं स्टेटस उघडावं तर वरच्या रेघा इतक्या बारीक, की रजईचे टाके वाटावेत. सकाळी 'कापूस, उन्हात'. मग 'कापूस, सावलीत'. मग 'उशी, पुढून' आणि लगेच 'उशी, मागून'. मी म्हटलं, शेठ, उशीला कसलं आलंय पुढून-मागून? तर म्हणाले, "दिसलं पायजे भाऊ! नाय दिसलं तर माणूस इसरतो."

इतके फोटो, पण एकातही माणूस नाही. एकदा मीच हौसेनं म्हटलं, मी बसतो गादीवर, काढा माझा. तसे ते एकदम दचकले.

"माणूस नाय. माणूस बिलकूल नाय!"

त्याचं कारण मला माहीत होतं. आमच्या अख्ख्या लाइनीला माहीत आहे. कारणाचं नाव निवृत्ती.

निवृत्ती त्यांचा भागीदार. दोघं सायखेड्याचे, एका वर्गातले, एकदमच शहरात आले आणि मिळून हे दुकान टाकलं. सुकदेवशेठ बोलणार, निवृत्ती शिवणार. एका दुपारी निवृत्ती नव्या गादीवर आडवा झाला आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागला. सुकदेवशेठच्या हातात फोन होताच. त्यांनी व्हिडिओ काढला, खाली लिहिलं, 'मालकच झोपला, आणखी काय ग्यारंटी पायजे?' आणि दिला सोडून. बघता बघता तो सगळ्या जिल्ह्यात फिरला. चांदवडहून, मालेगावहून फोन आले. दुकानात रांग! सुकदेवशेठ हवेत. निवृत्तीही हसला हो, पहिले काही दिवस हसला.

मग त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पोरगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येते तोच मुलाचा मामा ओरडला, "अरे, हे तर घोरणारे गादीवाले! शेठ, एकदा घोरून दाखवा की!" सगळी बैठक खदाखदा हसली. पोरीनं ट्रे तिथंच ठेवला आणि आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी निवृत्ती दुकानात आला, किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "आता तूच बोल आन तूच शिव." तो गेला तो वणीला. देवीच्या रस्त्याला त्यानं छोटं दुकान टाकलं. मुलीचं पुढं चांगल्या घरी लग्न झालं. सुकदेवशेठला बोलावणं नव्हतं. त्यांनी ते लग्न दुसऱ्याच्या स्टेटसवर पाहिलं.

व्हिडिओ त्यांनी निवृत्ती गेला त्याच आठवड्यात काढून टाकला होता. पण असल्या गोष्टी काढून जातात होय? अजूनही कुठल्या तरी ग्रुपवर 'आजचा हसा' म्हणून येतो आणि शेठ तो ग्रुप सोडून देतात. नंबर गोळा करणारा माणूस ग्रुप सोडतो!

"माफी मागा की एकदा," मी म्हणायचो.

"फोन उचलत नाय तो. मेसेज लिहितो मी, मग पुसतो. काय लिहू? 'सॉरी' लिहू? सॉरी तर धक्का लागल्यावं म्हणत्यात."

पण एक होतं. निवृत्ती बोलत नसला तरी शेठची स्टेटसं बघायचा. रोज. एकदा शेठनी फोन माझ्या नाकापुढं धरला आणि पाहणाऱ्यांच्या यादीत बोट ठेवलं: 'निवृत्ती वणी'. "आला बघा," म्हणाले, आणि चेहरा असा, जणू तो जेवायलाच आला होता. तेव्हा मला कळलं की ही पुढून-मागूनची उशी कोणासाठी आहे. गिऱ्हाईक आपलं निमित्त.

आणि मग गेल्या महिन्यात ते नाव यायचं थांबलं.

पहिल्या दिवशी शेठ म्हणाले, नेट गेलं असंल. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुप्पट स्टेटसं टाकली. सुई टाकली, कात्री टाकली, दुकानाचं शटर अर्धं आणि पूर्ण. नाव नाही. मग ते माझ्याकडे यायचे, बसायचे, उठायचे, माझेच कागद सरळ करायचे, वाकडे करायचे. माझ्या फोनवरून मला निवृत्तीला लावायला सांगितलं. घंटी वाजून वाजून बंद झाली. शेठचा चेहरा उतरला.

"भाऊ, त्याला काय झालं नसंल ना?"

"अहो, त्यानं बघणंच सोडलं असेल."

"तसं आसंल तर..." आणि ते थांबले. "दोन्हींतलं कोन्तं वाईट, तेच समजंना."

आठवडाभर हा जाच सोसल्यावर मीच वैतागलो. म्हटलं, चला, काढतो गाडी! आज सोक्षमोक्ष. दुकानाला कुलूप लावून मी त्यांना मागे बसवलं. दिंडोरीला चहा सांगितला; त्यांनी कप हातात धरला आणि तसाच परत ठेवला. वणी येईपर्यंत माझ्या खांद्यावर त्यांची बोटं रुतत होती.

आणि निवृत्ती होता की! धडधाकट. दुकानाच्या पायरीवर बसून उशीची खोळ शिवत होता. मी म्हटलं, "झालं समाधान? जा आता." तर शेठ रस्त्याच्या अलीकडे, नारळाच्या गाडीआड उभे. पाऊल पुढं पडेना. दहाव्याला अनोळखी माणसाला नंबर विचारणारा हा माणूस! शेवटी त्यांना जे येतं तेच त्यांनी केलं. फोन काढला, निवृत्तीच्या दुकानाच्या पाटीचा फोटो घेतला, माणूस येऊ न देता, आणि स्टेटसला टाकला.

मी कपाळावर हात मारला.

थोड्या वेळानं निवृत्तीनं सुई खोचून ठेवली, चष्मा वर केला आणि खिशातून फोन काढला. अंगठा दाबत राहिला. मग अंगठा थांबला. त्यानं मान वर करून आपल्याच पाटीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे.

शेठनी घाईघाईनं यादी उघडली. नाव नव्हतं.

"अरे, तू बघतो तर हाय!" ते तिथूनच ओरडले. "मग नाव का येत नाय?"

आता निवृत्तीचं तोंड बघण्यासारखं झालं. भर रस्त्यात चोरी पकडल्यासारखा लाजला तो. आम्ही पलीकडे गेलो तसा खाली बघत पुटपुटला, "जावयानं सांगितलं, बघितलं का समोरच्याला नाव जातं म्हनून. मला काय ठावं! मी आपला समजत व्हतो, गुपचूप बघतोय. मग त्याच्याकडून ते बंद करून घेतलं."

"म्हंजे सगळं बघितलं?"

"सगळं. उशी मागूनसुदिक."

मला हसू आवरेना. पण शेठ हसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांचे डोळे भरून आले आणि एवढ्या बोलक्या माणसाला दोनच शब्द सापडले. "चुकलो रे."

निवृत्तीनं खोळ बाजूला ठेवली. आतल्या बाजूला बघून बायकोला दोन माणसांचा स्वयंपाक वाढव म्हणून सांगितलं. मग शेठकडे वळला आणि त्याचा आवाज चढला.

"रोज पन्नास फोटो टाकतोस. कापूस दाखवतोस, शटर दाखवतोस. एकदा दारात यायला पाय मोडले व्हते काय तुझे?"

"मला वाटलं, तू हाकलून देशील."

"दिलंच असतं हाकलून," निवृत्ती म्हणाला. "मग तू परत आला असतास."