पार्वताबाईचा शर्ट

आमचे धनराजभाऊ शिंपी कादंबरी आधी शिवतात आणि मग लिहितात. सौंसरच्या बसस्टँडमागे त्यांचं दुकान आहे. दारात लाकडी पुतळा. नायिकेचे कपडे शिवून पुतळ्याला चढवल्याशिवाय वही उघडायची नाही. "कपडा बसला का मानूस बसते, गुरुजी," हे त्यांचं पालुपद. मी मराठीचा मास्तर, म्हणून शुद्धलेखन माझ्या गळ्यात.

नायिका पार्वताबाई कापूस वेचते आणि शेवटी सरपंच होते. पहिल्या प्रकरणात पुतळ्यावर विटकी साडी आणि वरून नवऱ्याचा जुना शर्ट, इकडच्या वेचणाऱ्या बाया घालतात तसा. बचतगटाची अध्यक्ष झाली तेव्हा शर्ट उतरला, चष्मा आला. ग्रामसभेत तिनं पाटलाला गप्प बसवलं, त्या दिवशी ब्लाऊजला चक्क खिसा लागला.

"खिसा कायले, भाऊ?"

"मंग पेन कुठी ठेवन? लोक सही मांगाले येऊन राहिले तिच्याकडं!"

एका नवरदेवाचा कोट महिनाभर रखडला. त्याच्या वडलांना भाऊंनी सुनावलं, "पार्वताबाई निवडणुकीत उभी हाय. तुमचं लगन पुढच्या महिन्यात हाय."

गाडी अडली शेवटच्या प्रकरणावर. सरपंचाच्या खुर्चीत बसताना बाई काय नेसणार? मी रेशमी साडी सुचवली. तीन साड्या चढल्या, उतरल्या. भाऊ हट्टाला पेटले. "भलत्या कपड्यात तिले खुर्चीवर बसू देनार नाही म्हंजे नाही!"

काल गेलो तर पुतळ्यावर साधी साडी, आणि भाऊंच्या मांडीवर पहिल्या प्रकरणातला तोच शर्ट. कोपराला ठिगळ लावत होते.

"सत्ता आली आणि बाई पुन्हा कापसात?" मी थट्टा केली.

भाऊंनी मान वर केली नाही. "हा शर्ट माहा होता. आमची शांता हाच घालून वेचाले जाये. कोपर फाटलं, बोंडाची टोकं लागत. म्हने, ठिगळ लावून द्या. मी म्हनो, गिऱ्हाइकाचं होऊ दे."

शांतावहिनींना जाऊन आठ वर्षं झाली.

"आज पार्वताबाई खुर्चीवर बसली, गुरुजी. अन् पयला हुकूम देल्ला. म्हने, गिऱ्हाइक राहू द्या. पयले माहं शिवा."

भाऊ एकेक टाका घट्ट ओढून घालत होते. तेवढ्यात नवरदेवाचे वडील दारात उभे राहिले. मीच उठलो आणि त्यांना म्हणालो, "उद्या या."