मल्लूअण्णांची गवताची गाडी

आमच्या कॉलेजातले मल्लूअण्णा खिशात रुमाल ठेवत नसत, ग्रीसची डबी ठेवत. कुठं काही कुरकुरलं की बोट डबीत गेलंच. एकदा ऐन मीटिंगमध्ये ते वाकून आत आले आणि प्राचार्य बसलेल्या खुर्चीखालीच शिरले. प्राचार्य दचकून उठले. अण्णा खालूनच म्हणाले, "बसा की सर. तुमचं न्हाय, खुर्चीचं करतोय."

अण्णा मूळचे सीमाभागातले. घरात कानडी, बाहेर खणखणीत कोल्हापुरी. हुद्दा शिपायाचा, पण पंप, पंखे, कुलपं सगळं त्यांच्याच गळ्यात. मी तिथला ग्रंथपाल, आणि जरा तिरसटच, हे कबूल. वाचनालयात कुणी खोकलेलं मला खपत नसे. अण्णा मात्र चपला वाजवत येणार, पंखा आवाज करतोय का विचारणार, आणि नाही म्हटलं तरी शिडी लावून चढणार.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका माजी विद्यार्थ्यानं मैदानासाठी परदेशातून गवत कापायची गाडी पाठवली. छोट्या ट्रॅक्टरसारखी, वर बसून चालवायची, पोटाखाली तीन पाती. प्राचार्यांना तिचं भारी कौतुक. त्यांनी ती रोज म्हशीसारखी धुवायला लावली. खालून पाणी मारू नका, बेरिंगातलं ग्रीस धुऊन जातंय, असं अण्णा कळवळून सांगत होते. ऐकतंय कोण? वर्षभरात पाती अशी किंचाळायला लागली की मी खिडक्या लावून घेतल्या. मग एक दिवस मधलं पातं जामच झालं.

मुंबईहून एक तज्ज्ञ आला. पात्यांचा सगळा जोड परदेशातूनच मागवावा लागेल म्हणाला. किंमत ऐकून प्राचार्यांनी सोमवारी भंगारवाल्याला यायला सांगितलं. सुटलो बुवा, असं मला झालं. अण्णा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. एका यंत्रापायी माणसानं एवढं मनाला लावून घ्यावं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. सोमवारच्या आत गाडी चालू केली तर विकायची नाही, एवढं त्यांनी प्राचार्यांकडून वदवून घेतलं.

शनिवारी मी शेडमध्ये डोकावलो. गाडीचं पोट उघडं, पाती ज्यांच्यावर फिरतात ते दांडे बाहेर. गंजलेलं बेरिंग रॉकेलमध्ये घासून अण्णांनी कडेवरचा नंबर मला वाचायला लावला. मी वाचला आणि ते खदखदून हसले. गावाकडच्या विहिरीच्या मोटारीतल्या बेरिंगाला हाच नंबर होता. "परदेशातल्या बेरिंगाला काय शिंगं असत्यात व्हय, सर?"

तासाभरात उद्यमनगरातल्या दुकानातून सहा बेरिंगं आली. जुन्याची कडी नव्यावर ठेवून, हलक्या हातानं ठोकत त्यांनी एकेक बसवलं. ग्रीस बेतानंच भरलं. जास्त झालं तर सील बाहेर फेकतंय म्हणे. मग पातं हातानं फिरवलं. आवाज नाही. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

सोमवारी भंगारवाला हात हलवत परत गेला. पण मला सांगायचाय तो आधीचा रविवार.

विसरलेली छत्री न्यायला सकाळी कॉलेजात गेलो, तर मैदानावर गाडी चाललेली. पाती बंद, चाल अगदी सावकाश. सीटवर एक नऊवारीतल्या बाई, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. अण्णा त्या बाईंच्या कुबड्या काखेत मारून शेजारून चालत होते.

मला बघून ते चक्क लाजले. "आमची मंडळी, गौराक्का. पायावरनं वारं गेल्यापास्नं एरवी घराभाईर पडत न्हाय. रिक्षात घातली तर रडती, मला कुणीतरी नेतंय म्हणती. दर रविवारी हितं आणतो. हितं तिला कुणी न्हेत न्हाय, सर. ती सोता जाती."

गौराक्कांनी मला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं, ब्रेक अजून नीट जमत नव्हता म्हणून. मी झटकन सरकलो. गाडी पुढं गेली. त्यांनी मान वळवून नवऱ्याला हाक मारली, "अवं, मागं ऱ्हायलासा की."

"तुझ्या बरोबरीनं कोण चालंल बाई," अण्णा म्हणाले आणि आणखी हळू चालायला लागले.