वादळाची दुपारची ओढ

हवामानातलं मला कळतं. हे गर्वाने नाही, माहिती म्हणून सांगतो. वादळांचा अंदाज बांधणाऱ्या संस्थेत मी चौदा वर्षं काढली आहेत आणि आमच्या विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची त्या आठवड्यात माझ्याकडे बघून चक्क हसत होती. "शुक्रवारी दुपारी काहीतरी नवीन दाखवा, खुर्ची तुमची," असं संचालकबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे अगदी असंच नव्हत्या म्हणाल्या. "बघू," एवढंच म्हणाल्या होत्या. पण त्यांचं "बघू" कुठल्या सुरातलं असतं, तेही मला कळतं.

आमचं काम थोडक्यात सांगतो. जहाजं, उपग्रह, गावोगावची यंत्रं यांच्याकडून हवेचे आकडे येतात. ते एका अगडबंब संगणकाला भरवायचे. तो गणितं करकरून सांगतो, वादळ उद्या कुठे असेल. हे दिवसातून चार वेळा. चुकीचा आकडा पोटात गेला तर संगणकाचंही पोट बिघडतं, म्हणून मध्ये एक चाळणी असते. संशयास्पद आकडा ती बाहेर फेकते.

आता माझी युक्ती ऐका. हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र मी स्वतःच आणलं आणि घरी, तळमजल्याच्या अंगणात, खिडकीखालच्या फळीवर ठेवलं. पोळ्यांच्या डब्याएवढी पांढरी पेटी. दर मिनिटाला तिचा आकडा आपोआप ऑफिसात! चाळणीतून तिला मी खास सूट दिली, कारण घरच्या माणसावर कोणी संशय घेतं का? शिवाय तिच्या एका आकड्याला दहा यंत्रांचं वजन दिलं.

मग आत्याला बोलावलं. आत्याने मला लहानाचं मोठं केलंय आणि तिच्या मते ते काम अजून संपलेलं नाही.

"आत्या, या पेटीवर माझी बढती आहे," मी म्हटलं. "पोरांचा चेंडू लागेल, मांजर पाडेल. जिवापाड जप. क्षणभरसुद्धा नजरेआड करू नकोस."

"बरं," आत्या म्हणाली.

आत्याचं "बरं" म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी निर्धास्त झालो.

त्याच आठवड्यात समुद्रात वादळ उठलं. बाकी सगळ्या संस्था म्हणत होत्या, ते आपल्या वाटेने लांबून निघून जाईल. सकाळी आमचा संगणकही तेच म्हणायचा. पण दुपारचे आकडे भरवले की वादळ मान वळवून थेट आमच्या बंदरावर चालून यायचं! संध्याकाळी पुन्हा समुद्रात. सोमवारी हेच, मंगळवारीही हेच. मी कारण शोधलं, तर सापडलं माझ्याच अंगणात. बरोबर तीन वाजता दाब चार मिलिबारने कोसळत होता आणि पाचला जागेवर येत होता. आणि दाब पडला की संगणक समजतो, वादळ जवळ आलं. जे जगात कुणाला दिसलं नाही, ते माझ्या पेटीला दिसलं होतं. या शोधाला मी नाव दिलं, "वादळाची दुपारची ओढ", आणि शुक्रवारसाठी प्रबंध लिहायला घेतला.

आमच्याकडे आकडे तपासणारी एक सहकारी आहे. तिला सगळे शंकेखोर म्हणतात आणि ती ओ देते.

"रोज बरोबर तीनला?" शंकेखोर म्हणाली. "निसर्ग इतका वक्तशीर नसतो. आधी तुमची पेटी बघून या."

"आपल्या ऑफिसात कोणी वेळेवर येत नाही, म्हणून निसर्गानेही येऊ नये की काय?" मी म्हटलं.

बुधवारी मात्र दाब पडलाच नाही. मी जरा हबकलो. पण हाडाचा शास्त्रज्ञ असल्या गोष्टींनी डगमगत नाही. मी प्रबंधात एक वाक्य घातलं : "वादळ आठवड्यातून एकदा विश्रांती घेते." गुरुवारी दाब पुन्हा तीनला पडला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शुक्रवारी पावणेतीनला सभागृह भरलं. संचालकबाई पुढे आणि त्यांच्या शेजारी बंदर अधिकारी. गृहस्थ फार काळजीत होते. ऐंशी होड्या समुद्रात होत्या. त्यांना परत बोलवायचं की नाही, हे त्यांना त्याच संध्याकाळी ठरवायचं होतं. भिंतीवर मी माझ्या पेटीचा आलेख लावला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

"आता तीन वाजता बघा."

तीन वाजले. आलेख खाली आला. सभागृहात "वा!" झालं. मी छाती काढून पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात आलेख थांबला. मग पुन्हा थोडा खाली आला आणि पुन्हा थांबला. असं कधीच झालं नव्हतं. रोज तो एका दमात खाली येत असे. आज मात्र पायरी-पायरीने उतरत होता.

"हे काय?" संचालकबाईंनी विचारलं.

"वादळ," मी म्हणालो, "टप्प्याटप्प्याने येतंय."

चौथी पायरी. पाचवी पायरी. पाचव्या पायरीवर आलेख जो थांबला, तो हलेचना.

"आता काय करतंय?" बंदर अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले.

"दम घेतंय," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही हो.

शंकेखोर मागून म्हणाली, "प्रत्येक पायरी सारख्या उंचीची आहे. तीन मीटर वर चढलं की दाब जितका कमी होतो, अगदी तितकी. तुमची इमारत किती मजल्यांची आहे?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. माझा फोन सभागृहाच्या संगणकाला जोडलेला होता, आणि तो वाजला. पडद्यावर भलंमोठं "आत्या" उमटलं. मी बंद करायला गेलो आणि घाईत उचलला. चारही भिंतींतून आत्याचा आवाज घुमला.

"अरे, लिफ्ट बंद पडलीय. पाचव्या मजल्यावर जिन्यात बसलेय. तुझी ही पेटी केवढी जड आहे रे!"

माझीही पाचावर धारण बसली. "आत्या, पेटी तुझ्याजवळ कशी?"

"आता कशी म्हणजे? तूच म्हणालास ना, नजरेआड करू नकोस. मी रोज तीनला अकराव्या मजल्यावर मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जाते, तर पेटी काय खाली एकटी ठेवू? पिशवीत घालून नेते, पाचला परत आणते. बुधवारी मैत्रीण दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, म्हणून राहिलं."

वादळाच्या साप्ताहिक विश्रांतीचा असा उलगडा झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा मी सगळा समुद्र धुंडाळत होतो आणि वादळ आत्याच्या पिशवीत होतं. सभागृहात आधी कोणीतरी खोकलं, मग जो हशा उसळला तो दोन मिनिटं थांबेना. फक्त बंदर अधिकारी हसले नाहीत. ते पुढे आले आणि फोनजवळ वाकून अदबीने म्हणाले, "आत्याबाई, नमस्कार. माझ्या ऐंशी होड्या बाहेर आहेत. आपण जरा खाली उतरता का?"

"होड्या का? मग उतरते बाई," आत्या म्हणाली.

आणि आम्ही सगळ्यांनी भिंतीवर पाहिलं. आलेख एकेक पायरी वर चढला, चार, तीन, दोन, एक, आणि तळमजल्यावर सपाट झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला! माझ्या चौदा वर्षांत माझ्या कुठल्याही आलेखाला असा झालेला नाही.

वादळ खरोखरच लांबून निघून गेलं, होड्या बाहेरच राहिल्या. खुर्ची शंकेखोरला मिळाली. तिने पहिल्याच दिवशी माझी पेटी चाळणीखाली घातली, आणि मला देशभरातली यंत्रं कुठल्या मजल्यावर आहेत याची यादी करायला बसवलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी तणतणत घरी गेलो होतो. आत्याला काय काय सुनवायचं ते वाटेत पाठ केलं होतं. आत्या दारातच बसली होती, पेटी मांडीवर घेऊन. दहा जिने चढ-उतार करून तिचे पाय सुजले होते.

"घे बाबा तुझी पेटी," ती म्हणाली. "बघ, एक ओरखडा नाही. मिळाली ना बढती?"

मी "बघू" म्हटलं आणि पाय शेकायला गरम पाणी ठेवलं.