किसनाजींची मोजकी भाजी

आमच्या घरी काल काय शिजलं आणि त्यातलं किती उरलं, हे बोरगावात माझ्याआधी किसनाजींना कळत असे. रोज सकाळी ते कुंपणापाशी येत, चष्मा पुसत आणि आमची खरकट्याची बादली बघत. चोरून नव्हे, डॉक्टरनं जीभ पाहावी तसं उघडउघड. मग निदान सांगत. "दोडक्याच्या शिरा काऊन फेकल्या? चटणी होते त्याची." किंवा, "भात जास्त झाला काल. पाव्हणे आले नाईत वाटते." पाहुणे खरंच आलेले नसत.

किसनाजींचा जन्म सरकारी दवाखान्यात कंपाउंडरकी करण्यात गेला होता. आता निवृत्त झाले होते आणि शेजारच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. बायको वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अंगणात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. रॉकेलचे डबे, फुटके माठ, बूड गेलेली बादली, झाकण नसलेली पत्र्याची ट्रंक, सगळ्यांतून काही ना काही उगवलेलं. न्हाणीच्या पाण्यावर धोप्याची, म्हणजे अळूची, पानं आणि कुंपणावर वालाचे वेल.

बाजारातून भाजी आणणं त्यांना पसंत नव्हतं, आणि घरची भाजी आधीपासून तोडून ठेवणं तर अजिबातच नाही. कढईत तेल तापलं की ते अंगणात जात आणि त्या जेवणापुरतं घेऊन येत. दोन ढेमसं, एक मिरची, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या. पाचवी काडी नाही. मी हसलो तर म्हणत, "झाडावर हाय तवर तिची तब्येत चांगली राह्यते. घरात आणली का बिघडते."

आता माझ्याविषयी. मी तेव्हा वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून होतो आणि माझं काम ऐकलं तर तुम्हाला हसू येईल. तेव्हा राजधानी असलेल्या नागपूरहून हिंदीत आलेली पत्रकं मराठीत उतरवणं. विषय: घरोघरी भाजीपाला लावा, अन्न वाया घालवू नका. 'प्रत्येक सुज्ञ नागरिकाने आपल्या परसदारी' अशी सुरुवात करण्यात माझा हात धरणारा कचेरीत कोणी नव्हता. परसदारी मी स्वतः फक्त दात घासायला जात असे. एकदा मोठ्या ऐटीत एक पत्रक किसनाजींना नेऊन दिलं. त्यांनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "कागद जाडा हाय. अजून असतील त आणजो." पुढच्या आठवड्यात माझ्या सुज्ञ नागरिकाच्या पुड्या झाल्या होत्या आणि त्यांत वांग्याचं बी होतं.

या अपमानानं पेटून मी बागाईत सुरू केली. मेथी पेरली. पंधरा दिवसांनी निंदण केलं आणि जे राखलं त्याला महिनाभर पाणी घातलं. किसनाजींनी येऊन पाहिलं आणि थंडपणे सांगितलं की मी मेथी उपटली आणि गवत जोपासलं. मग दोडके लावले. ते मात्र आले, आणि असे आले की कचेरीतले लोक माझी पिशवी दिसली की रस्ता बदलू लागले. माझी बायको सुमन हिनं आठवडाभर दोडके रांधले आणि मग विळी आडवी ठेवली. वेलावर राहिलेले राठ झाले. एका दुपारी मी ते पोत्यात भरून सायकलवरून गावाबाहेर पिपरीच्या बाजूला फेकायला निघालो, तर वाटेत किसनाजीच समोर. त्यांनी पोत्यात डोकावून पाहिलं. रागावले नाहीत. पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, दोडके वाळवले, बी काढलं आणि अंग घासायच्या जाळ्या करून अर्ध्या आळीत वाटल्या. मला एवढंच म्हणाले, "कोवळे होते तवा पायलं नाई तुमी. पत्रकं लिवून राह्यले होते."

त्यानंतर सुमनला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात तिच्या पोटात अन्न ठरेना. मी घाबरून बाजारातून जे दिसेल ते आणू लागलो. ती रांधायची, दोन घास घ्यायची आणि ताट बाजूला सारायची. पुढे पुढे मला भूकच नाही म्हणू लागली.

एका रविवारी सकाळी किसनाजी बादलीपाशी आले. आत टाकलेल्या अन्नाचा ढीग पाहिला आणि त्या दिवशी निदान न सांगताच परत गेले. थोड्या वेळानं दोन्ही हातांनी एक रॉकेलचा डबा उचलून आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवला. त्यात भेंडीचं झाड होतं आणि झाडाला एकच भेंडी धरलेली.

"सूनबाई, ही तूच तोड," ते म्हणाले. "एकीचंच कर."

मग उंबऱ्याबाहेर बसून, आमच्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. त्यांची बायको शेवटचं वर्ष खाटेवर होती. ते बाजारातून आणत, पोटभर रांधत, ती दोन घास खाई आणि बाकीचं ते तिच्या डोळ्यांदेखत बाहेर नेऊन टाकत. त्याची तिला लाज वाटू लागली. मग ती भूक नाही म्हणू लागली, म्हणजे टाकायला नको. शेवटी त्यांनी खाटेशेजारी डब्यात भेंडी लावली. ती पडल्या पडल्या हात लांब करून एक तोडायची आणि ते तेवढीच करायचे.

"त्याच्यात फेकाले काई उरतच नव्हतं," ते म्हणाले. "मंग ती खाये."

सुमननं भेंडी तोडली, तव्यावर मीठ घालून परतली आणि चतकोर भाकरीबरोबर खाल्ली. ताट पुसून घेतल्यासारखं झालं. मग तिनं दाराकडे बघत विचारलं, "काकाजी, अजून एक मिळेल?"

किसनाजी लगबगीनं उठले आणि आपल्या अंगणात गेले. तवा तापत राहिला, तरी ते येईनात. मी बघायला गेलो. ते भेंडीच्या डब्यांशी हात पुढे करून उभे होते आणि गमछ्यानं डोळे पुसत होते.

"कोणती तोडू, समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. "तिनं दुसरी कधी मांगतलीच नाई."