आंब्याची ओटी

या दसऱ्याला संतरामने आंब्याला कुऱ्हाड दाखवली ती थट्टेने नव्हे. एरवी तो नवरा-बायकोचा खेळच असे. कुऱ्हाडीची पूजा झाली की संतराम ती घेऊन विहिरीजवळच्या आंब्यापुढे उभा राहायचा आणि दरडावायचा, "मोहोर देतूस का घालू घाव?" सखुबाई मध्ये पडायची, "औंदा सोडा, पुढल्या साली देईल." आठ वर्षं झाड हे ऐकत होतं आणि निवांत वाढत होतं. कोय सखुबाईनेच पुरली होती, त्यामुळे बोलणी तिला लागायची, झाडाला नाही.

"औंदा सोडा," ती याही वेळी म्हणाली.

"न्हाई," संतराम म्हणाला. "लाकूडवाल्या किशनरावला शब्द देलाय. संक्रांत झाली की येऊन राहिला तो."

सखुबाईचा राग नवऱ्यावर निघेना, झाडावर तर नाहीच नाही. तेवढ्यात कोंडीबा मेंढक्याची शेळी कापसात शिरली. आयतं गिऱ्हाईक सापडलं. सखुबाईने शेळी धरली, दाव्याने आंब्याच्या बुंध्याला करकचून बांधली आणि भांडायला गावात निघाली.

कोंडीबा जवळा बाजार या गावी गेला होता. त्याच्या बायकोने, जिवनबाईने, भांडण शांतपणे ऐकून घेतलं, मध्येच चहा ठेवला आणि मग शेजारणीची गाऱ्हाणी सांगायला सुरुवात केली. ती गाऱ्हाणी इतकी चांगली होती की सखुबाई कशाला आली होती तेच विसरली. शेतात परतली तेव्हा दिवस कलला होता.

शेळीने वेळ वाया घालवला नव्हता. बुंध्याभोवती फिरत ती साल सोलून खात गेली होती. फिरेल तसं दावं बुंध्याला गुंडाळत गेलं आणि शेवटी तिचं तोंडच झाडाला टेकलं. तेव्हा कुठे जेवण थांबलं. तळहाताएवढी सालीची पट्टी उरली होती, बाकी सगळीकडे पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. संक्रांतीपर्यंतही झाड टिकणार नव्हतं, आणि मारेकरी घरचाच निघाला होता; शेळी तिनेच तिथे बांधली होती.

तिने जखमेला शेणमाती लिंपली आणि वरून आपलं हिरवं लुगडं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी संतरामने विचारलंच.

"लुगडं काहून नेसवलं याला?"

"ओटी भरली झाडाची," सखुबाईच्या तोंडून निघून गेलं.

"ज्याला फूल म्हाईत न्हाई, त्याची ओटी?"

"बायकांच्या गोष्टीत तुमाला काय कळतंय?"

संतराम कामाला लागला, पण गोष्ट जिवनबाईच्या कानावर गेली. ती खण-नारळ घेऊन आली. तिचं पाहून बाकीच्या बायका आल्या. आंब्याला कौतुकाने हळदीकुंकू लागलं. आता लुगडं सोडायची सोयच राहिली नाही. सखुबाई रोज पानं न्याहाळायची. ती वाळत का नाहीत, याचीच तिला भीती वाटायला लागली.

पौषात एका सकाळी संतराम शेतातून धावत आला आणि तिला हाताला धरून घेऊन गेला. झाडावर पान दिसत नव्हतं. शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत नुसता मोहोर. वास पार रस्त्यापर्यंत पोचला होता, आणि झाड आतून गुणगुणत होतं. आठ वर्षं मुकं राहिलेल्या झाडाच्या अंगात एवढं होतं कुठे, हे दोघांनाही उमगेना. संतरामने टोपी काढली आणि लुगड्याला हात जोडले.

"सखू, तुझ्या ओटीनं केलं हे."

सखुबाईला हे मात्र सोसवलं नाही. ती रडायलाच लागली. पोरगी पुनम वसमतला बारावी सायन्सला होती आणि संक्रांतीला घरी आली होती. ती मागून आली, तेव्हा सखुबाई म्हणाली, "सोड ते लुगडं. दाव तुझ्या बापाला, कोंडीबाच्या शेळीनं काय खाल्लं ते."

पुनमने लुगडं सोडलं, माती खरवडली आणि बघतच राहिली.

"आई, पानं सैपाक करतेत. तो गोड रस सालीतून खाली मुळाकडं जातो. शेळीनं वाटच खाऊन टाकली. पाणी आतल्या लाकडातून चढतं, ते चालूच ऱ्हायलं. माल वरीच अडकला अन् त्याचा मोहोर झाला."

"अन् ही पट्टी बी खाल्ली असती तर?"

"तर मुळं उपाशी मेली असती. मंग झाड."

संतरामने त्या पट्टीवर हळूच बोट ठेवलं. "मंग आता मोप आंबे?"

"एका तुऱ्यात हजारभर फुलं असतेत, बाबा. बरीचशी नर. फळ धरतं ते लई थोड्यांत, अन् ते बी माशांनी पराग नेला तरच."

"एवढा कारभार माशांवर?"

"व्हय."

संतराम वर बघत उभा राहिला. जन्मभर ज्यांना त्याने ताटावरून हाकललं होतं, त्या माशा एकेका फुलावर उतरत होत्या, पाय भरून उठत होत्या आणि दुसऱ्या फुलावर जात होत्या. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. तेवढ्यात बांधावरून किशनरावचा खणखणीत आवाज आला.

"संतराम, करवत अन् माणसं घेऊन आलोय. करायचं का सुरू?"

संतराम ओठावर बोट ठेवून धावतच त्याच्याकडे गेला.

"हळू बोला, मालक," तो कुजबुजला. "कामं चालू हायेत."

किशनरावने वर पाहिलं. मग त्याने मागच्या माणसांना हातानेच खाली बसायची खूण केली.